गंगापूरची बोट, नांदूरचे पक्षी: आजी आणि नातवंडांना घेऊन दोन दिवस

हिवाळ्यात आमच्या घरी मुंबईहून कोणी ना कोणी उतरतंच. काळाराम, रामकुंड, त्र्यंबक झालं की तिसऱ्या दिवशी आत्या विचारते, "आता पाण्यावर कुठं नेतोस रे?" नाशिकला ना खाडी ना हाऊसबोट. आहे ती गोदावरी. ब्रह्मगिरीवर उगम पावून ती थेट बंगालच्या उपसागरापर्यंत १४६५ किलोमीटर जाते, पण आपल्या कामाच्या जागा दोनच. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाचा जलाशय, तिथं बोटीत बसता येतं. आणि पूर्वेला निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर, तिथं कादवा येऊन मिळते आणि बंधाऱ्यामागचं पाणी पक्ष्यांना सोडलेलं आहे.

एक आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेकांचा विरस इथंच होतो. बोटीची फेरी बघता बघता संपते. तेवढ्यासाठी गाडी काढली, रांगेत उभं राहिलात, फोटो काढून परत फिरलात, तर मुलं वाटेतच कुरकुर सुरू करतात. बोट हे निमित्त. दिवस भरतो तो शिवारात. म्हणून बेत आखताना बोटीला तासभर द्या आणि उरलेला वेळ बांधावर काढायची तयारी ठेवा. खालचा बेत आमच्या आईच्या बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांवर आणि सात-अकरा वर्षांच्या दोन पोरांच्या चुळबुळीवर तावूनसुलाखून निघालेला आहे.

आधी धरण बघा, मग तारीख ठरवा

गंगापूरची साठवण ५६३० दशलक्ष घनफूट. बरेच नाशिककर रोज पेपरात धरण किती टक्के आहे ते आधी बघतात, सोन्याचा भाव नंतर. पावसाळ्याअखेर धरण भरलेलं असतं. मग शहराचं पिण्याचं पाणी, शेतीची आवर्तनं, आणि एखाद्या वर्षी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी सोडायचं पाणी (हा विषय नाशिककराकडे जेवताना काढू नये), असं करत करत मे महिन्यात काठ पार मागे सरकतो. एका मे महिन्यात आम्ही आत्याला घेऊन गेलो होतो. वरून भेगाळलेला, कडक दिसणारा गाळ आणि आत गुडघाभर चिखल. धाकट्याची एक चप्पल अजून तिथंच आहे. पाणी लांब, ऊन डोक्यावर, आणि आत्याचं एकच पालुपद: "याला तू नदी म्हणतोस?"

पावसाळाही नको. जलाशय देखणा दिसतो, पण धरणातून विसर्ग सुरू झाला की खाली शहरात सगळ्यांचं लक्ष गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे लागतं. पाणी त्याच्या कमरेला लागलं की लोक बघायला जातात, गळ्याशी आलं की काठावरचे दुकानदार सामान हलवतात. अशा दिवसांत बोटीचा विषयच नसतो. सोमेश्वरचा धबधबा त्या वेळी खरा बघण्यासारखा, पण कठड्याच्या अलीकडून. ओल्या कातळावर उतरून फोटो काढण्याच्या नादात तिथं माणसं गेलेली आहेत.

माझ्या मते जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सोडू नये. धरणात पाणी असतं, बाहेरदेशीचे पक्षी नांदूरला मुक्कामी असतात आणि द्राक्षांची काढणी सुरू झालेली असते. तिन्ही गोष्टी एकदम वर्षात दुसऱ्या कुठल्याच महिन्यात जुळत नाहीत. त्यातही संक्रांतीचे दोन-तीन दिवस टाळा. पतंगाचा नाद नाशिक-येवल्याकडे जबरदस्त आहे आणि नायलॉन मांजा विकायला बंदी असली तरी रस्त्यावर आडवा येतोच. दुचाकीवर पुढे मूल बसवून तर त्या दिवसांत अजिबात निघू नका. रविवार आणि २६ जानेवारीही नको, मंगळवार-बुधवार उत्तम. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या आहेत. त्या हंगामात येणार असाल तर प्रवासाचे सगळे वेळ दुप्पट धरा.

आदल्या संध्याकाळी

गंगापूरच्या बोट क्लबला फोन करून दोन गोष्टी विचारा: उद्या बोटी चालू आहेत का, आणि पहिली फेरी किती वाजता. वारा, पाण्याची पातळी, देखभाल, कशानंही फेऱ्या बंद राहू शकतात, आणि हे गेटावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. सोबत थोडी रोख ठेवा. धरणाच्या काठी मोबाइलला रेंज नसली की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात.

कपड्यांचं मुंबईकरांना पटत नाही, पण निफाड हे राज्यातल्या सगळ्यात थंड ठिकाणांपैकी एक आहे. जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. कानटोपी, स्वेटर, मोजे, आजीला शाल, हे नाशिक शहरात जास्त वाटेल, निफाडला पुरणार नाही. उलट दुपारी अकरा वाजता सगळं काढून हातात धरायची वेळ येते, म्हणून एकावर एक असे दोन-तीन पातळ थर चांगले. रंग मातकट, हिरवट, करडा. लाल-पिवळे स्वेटर पहिल्या दिवशी घाला, दुसऱ्या दिवशी पक्षी बघायचे आहेत. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आजीच्या गोळ्या, एक जुनी चादर, मुलांचे जादा मोजे. दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर विकत घेऊ नका.

पहिला दिवस: बोट आधी, मिसळ नंतर

गंगापूर रोडनं आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन अशी वाट. शहराच्या मध्यापासून साधारण पंधरा किलोमीटर. रस्ताभर मळ्यातल्या मिसळीच्या पाट्या लागतात आणि गाडीतले सगळे एकमुखानं "आधी खाऊन घेऊ" म्हणतात. ऐकू नका. झणझणीत रस्सा पोटात घेऊन हलत्या बोटीत बसणं म्हणजे काय हे आमच्या मेहुण्याला विचारा. शिवाय हिवाळ्यात सकाळचं पाणी शांत असतं, दुपारी वारा सुटला की लाटा येतात. म्हणून पहिली फेरी धरा. सकाळ हुकलीच तर थेट ऊन कलल्यावर जा. पाण्यावर पांढरे फेसाळ शेंडे दिसायला लागले असतील तर त्या दिवशी वयस्कर माणसांना काठावरच बसू द्या.

तिकीट काढताना "कुठली बोट?" हा प्रश्न येतो. पोरं स्पीडबोटीकडे बोट दाखवणार. तरुण मंडळींनी खुशाल जावं, पण पाठ-कंबर दुखणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी संथ चालणारी मोठी बोट घ्यावी. स्पीडबोटीत बसायचंच झालं तर मागच्या बाजूला बसा. बोटीचं नाक लाटेवर आपटतं आणि पुढे बसलेल्याच्या मणक्याला तो दणका थेट लागतो. पुढची जागा फोटोला चांगली असते, तेवढंच.

लाइफ जॅकेट सगळ्यांना देतात, पण ते नीट घालून घेणं आपल्या हातात. मुलाला जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. लहान मापाचं मागा. नसेल तर त्या मुलाला घेऊन बोटीत बसू नका, मग त्यानं कितीही भोकाड पसरू दे. पट्टे आजीचेही आवळायचे. आई म्हणाली होती, "श्वास कोंडतो रे." एक भोक सैल केलं, पण बक्कल लावलंच.

चढण्या-उतरण्याचं सांगतो, कारण माणूस पडतो तो तिथंच. तरंगता धक्का एका लयीत हलतो, बोट दुसऱ्या. आमच्या आईनं चढताना सवयीनं तळवा पुढे केला. बोटीवरचे काका म्हणाले, "आजी, हात नका देऊ. माझं मनगट धरा, मी तुमचं धरतो." घामेजलेला तळवा सुटतो, मनगटाला मनगट सुटत नाही. मग त्यांनी तिला एक पाय बोटीच्या मध्यभागी ठेवायला लावला, कडेवर नाही, आणि दुसरा पाय आत आला तशी लगेच खाली बसवली. उभं राहून पदर सावरू दिला नाही. उतरताना हेच उलट्या क्रमानं, आणि बोट दोरानं बांधून होईपर्यंत कोणी उठायचं नाही. बोटीत माणसं जागेइतकीच हवीत. "एक पोरगं मांडीवर घ्या" असं कोणी म्हणालं तर पुढच्या फेरीला थांबा.

पाण्यावर गेल्यावर पश्चिमेकडे त्र्यंबकची डोंगररांग उभी राहते, अंजनेरीचा माथा सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसतो. मोबाइल गळ्यात दोरीनं अडकवा. आणि थोडा वेळ खिशातच ठेवा.

आता मिसळ. पाव मोजून घ्या, रस्सा वेगळा मागवा, मुलांना दही. पुढे जाऊ.

बागेत शिरताना

गंगापूर-सावरगाव रस्त्याला द्राक्षबागा लागतात. सुलाचा मळा याच बाजूला, तिथली पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर नाशिकची ओळख बाहेरगावच्या लोकांसाठी थोडी बदलली. मोठ्यांना हौस असेल तर जा, गाडी चालवणाऱ्यानं घोट घेऊ नये. पण आजी आणि पोरांसाठी साधी शेतकऱ्याची बाग बरी. गिरणारे किंवा दिंडोरीच्या बाजूला गेलात तर रस्त्याकडेला बागा लागतच राहतात. ओळखीचं कोणी असेल तर आदल्या दिवशी फोन करा, नसेल तर बांधाशी थांबून हाक मारा: "दादा, पोरांना बाग दाखवायची होती, येऊ का?" तारेच्या आत न विचारता पाऊल टाकू नका. फुकटची सहल समजून गाडी थेट मांडवाखाली घालणारे लोक बघून काही शेतकऱ्यांनी आता गेटला कुलूप लावलंय, त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मागच्या वर्षी एका मळ्यात शिरलो तर धाकट्यानं विचारलं, "बाबा, द्राक्षांना पेपर का वाचायला दिलेत?" खरंच, एकेक घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला होता. मळेवाले दादा हसले. थंडी कडक पडली की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, त्याला ते पिंक बेरी म्हणतात. असा माल निर्यातीत चालत नाही. म्हणून हजारो घडांना हातानं कागद बांधायचे आणि काढणीला हातानंच सोडायचे. पारा फारच उतरला तर पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात, म्हणजे मुळांशी थोडी ऊब राहते आणि मणी तडकत नाहीत. आदल्या रात्री आम्ही ज्या थंडीचं कौतुक करत गच्चीवर बसलो होतो, त्याच थंडीत हे दादा बागेत जागे होते.

वेलीवरचा मणी तोडून थेट तोंडात टाकू नका. फवारणी झालेली असू शकते. विचारा, ते स्वतःच खायला चालेल तो घड तोडून देतात, तोही धुऊन खा. गोडी बघायची तर घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी चाखा. तो सगळ्यात शेवटी पिकतो. तो गोड लागला तर वरचा सगळा घड गोड. ऑक्टोबरमधल्या छाटणीला गोडी छाटणी का म्हणतात हे आजीनं याच वेळी नातवाला समजावलं: एप्रिलच्या खरड छाटणीनं काडी तयार होते, ऑक्टोबरच्या छाटणीनं तिच्यावर फळ येतं. आईचं माहेर पिंपळगाव बसवंतकडचं, त्यामुळे या विषयावर तिला थांबवणं अवघड जातं.

घ्यायची असतील तर द्राक्षं दुसऱ्या दिवशी परतताना घ्या. आज घेतली तर उद्या पहाटेपासून गाडीत शिजतील.

दुसरा दिवस: पहाटे साडेपाच

घरातून साडेपाचला निघा, म्हणजे पोरांना पाचला उठवा, म्हणजे रात्री नऊला झोपवा. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं शिलापूर, चांदोरी, निफाड आणि पुढे नांदूर मध्यमेश्वर. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, धुकं नसेल तर सव्वा तास. धुक्यापेक्षा माझा मोठा शत्रू म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. मागे दिवा नाही, लाल कापडही नाही, आणि दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या. अंधारात पुढची वाहनं दिसत नसतील तर वेग चाळीसच्या वर नेऊ नका. स्वच्छतागृह वाटेतल्या हायवेच्या हॉटेलात उरकून घ्या, चहाच्या निमित्तानं. काठावर पोहोचल्यावर आजीला अवघडायला नको.

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. त्याच्या आत नांदूरच्या पाण्याकाठच्या चापडगावच्या बाजूला पोहोचलात तर जिंकलात. वनखात्याचं तिकीट काढा आणि गाइड अवश्य घ्या. गावातलीच पोरं हे काम करतात, दुर्बीण लावून देतात, आणि आज कुठला थवा कुठल्या बेटावर उतरलाय हे त्यांनाच ठाऊक असतं.

इथं बोट मागू नका. हे अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, शंभर चौरस किलोमीटरचं, आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांची यादी) आल्याचं जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. याची गंमत अशी की हे सगळं माणसाच्या बंधाऱ्यामुळे झालं. ब्रिटिश काळात कालव्यांसाठी बंधारा बांधला, गोदा-कादवेनं त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. पाटबंधारे खात्याच्या लेखी हा तोटा. लांब पायांच्या पक्ष्यांना मात्र नेमकं एवढंच पाणी हवं असतं.

पक्षी बघायच्या मनोऱ्यावर सगळे एकदम चढू नका. आजीला खाली बांधावर चादर टाकून द्या, तिथूनही भरपूर दिसतं. पहिली दहा मिनिटं दुर्बीण कोणालाच देऊ नका. नुसत्या डोळ्यांनी बघू द्या, कान देऊ द्या. मग एकेक पक्षी धरा. सगळ्यात आधी वारकरी ओळखा: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि वारीसारखाच घोळक्यानं फिरणारा. हा एकदा ओळखला की पोरांचा हुरूप वाढतो. मग केशरी-तपकिरी चक्रवाक, हे बहुधा जोडीनं. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक, हे आजीला सगळ्यात आवडलं. लालबुंद काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या, पाणवनस्पतींवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, चमच्यासारख्या चोचीनं पाणी ढवळणारा चमचा. थापट्या आणि तलवार बदकं लांबून आलेली. मधेच सगळं पाणी एकदम फडफडून उठलं तर वर बघा, दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी घिरट्या घालत असणार. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले तर नशीब, पण त्यांच्यासाठी हट्ट धरू नका. "फ्लेमिंगो कुठाय?" एवढंच विचारत आलेली कुटुंबं हिरमुसून परततात आणि त्यांच्या नाकासमोरून खंड्या मासा घेऊन जातो.

दहानंतर ऊन चढतं, पक्षी मधल्या बेटांवर जातात. डबा मनोऱ्यापासून लांब, झाडाखाली उघडा. पक्ष्यांना काही खायला टाकू नका, प्लास्टिक पिशवी परत गाडीत. आणि हे नीट ऐका: या पट्ट्यात ऊस आहे, उसात बिबट्या आहे. दिवसाही पोरांना "जा, उसाच्या कडेला" असं म्हणून एकटं पाठवू नका, आणि सूर्य मावळायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा.

परतीची वाट

निफाडच्या आसपास या दिवसांत उन्हाळ कांद्याची लागण चालू असते. वाफ्यात पाणी सोडलेलं, बायका रांगेत उकिडव्या बसून एकेक रोप अंगठ्यानं चिखलात दाबतात. अकरा वर्षांच्या आमच्या लेकीला एका मावशींनी दहा रोपं लावू दिली. सातवं लावेपर्यंत तिची कंबर धरली. मावशी म्हणाल्या, "राहू दे बाई, आम्हाला एकर उरकायचाय." बाजूला रिकामी कांदाचाळ असेल तर तीही दाखवा: जमिनीपासून उचललेली, खालून-बाजूंनी वारा खेळेल अशी. आत्ता बाजारात येतो तो लाल कांदा टिकत नाही. चाळीत जातो तो एप्रिलमध्ये निघणारा हा उन्हाळ कांदा. वेळ आणि उत्साह उरला असेल, बाजार चालू असेल, तर लासलगावचे कांद्याचे लिलाव लांबून बघता येतात. ट्रॅक्टरच्या रांगेत आपली गाडी मात्र अडकवू नका. आम्ही एकदा अडकवली होती.

चांदोरीला गोदावरीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरं आहेत, पण ती पाणी उतरलं तरच उघडी पडतात. पुलावरून जाताना एक नजर टाका. दिसली तर काठापर्यंत जा, पात्रात उतरू नका.

द्राक्षं आता घ्या, रस्त्याकडेच्या मळेवाल्याकडून, टोकाचा मणी धुऊन चाखून. मण्यांवरची पांढरट लव पुसू नका, तो फळाचा स्वतःचा मेणाचा थर आहे, त्यानं माल टिकतो. डिकीत ठेवू नका, खाली कागद घालून मागच्या सीटच्या पायाशी ठेवा आणि घरी गेल्यावर न धुता फ्रिजमध्ये. खायच्या वेळी लागतील तेवढीच धुवा. दोन किलोंच्या पेट्या घ्या, पाच किलोंची एक नको, तळातले घड दबतात. आणि आत्याची पेटी वेगळी बांधून घ्या, नाहीतर ठाण्याला पोहोचेपर्यंत पोरं ती अर्धी करतात.